दिव्यावरचा खंडोबा

म्हणा, रामकृष्ण हरी! मंडळी, एक सांगा — देवाला आपण डोळ्यांपुढं ठेवतो, ते काही दिसावं म्हणून, की काही दिसू नये म्हणून? हसू नका. ऐका!

साताऱ्याकडच्या एका खोऱ्यात, घाटापलीकडं, वीटभट्टीवाले हिंदुराव राहायचे. माणूस दिलदार, पण मिशीला पीळ! पुण्याच्या शेठजीनं वापरून सोडलेली परदेशी गाडी त्यांनी घेतली. काळी, लांबलचक, पाय ठेवला की बाणासारखी सुटणारी. दारात हत्ती झुलायला लागला! पण मंडळी, हत्ती स्वस्तात मिळाला म्हणून चारा स्वस्तात मिळतो का?

वर्षात स्टेअरिंगमागं लाल दिवा लागला. मिस्त्री म्हणाला, "मालक, इंजिन थंड ठेवणारी नळी झिरपतीया. परदेशातनं मागवावी लागंल."

किंमत ऐकून हिंदुराव उखडले. "नळीला म्हशीची किंमत? गाडी पळतीया न्हवं?"

मग काय? बाटलीनं पाणी ओतायचं, दिवा विझायचा, आठवड्यात परत लागायचा. शेवटी दसऱ्याला त्यांनी गाडीला झेंडूचा हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं आणि खंडोबाचं चित्र चिकटवलं. कुठं? बरोबर त्या दिव्यावर!

घरात बायको होती, आक्काताई. ती म्हणायची, "अहो, जिना चढताना दम लागतोय." हिंदुराव म्हणायचे, "भंडारा लाव कपाळाला. भट्टी उरकली की दाखवू." मनात माया होती हो! पण उद्यावर टाकलेली माया.

एका दुपारी आक्काताईच्या छातीत कळ आली. शेजारचा तुकाराम व्हॅन घेऊन दारात आला. हिंदुरावांना ते लागलं. "माझ्या दारात राजाची गाडी असताना तिला डबड्यातनं नेऊ?" मिशी आडवी आली, मंडळी!

आक्काताईला आपल्याच गाडीत बसवून ते दवाखान्याकडं निघाले. घाटाची चढण लागली. अर्ध्यात वाफ आली, धूर आला, आणि एवढी पाचशे घोड्यांची ताकद दगडासारखी उभी राहिली. हिंदुरावांनी चित्राला नख लावलं. कोपरा उचकटला, आणि खालून दिवा लालबुंद दिसला.

आक्काताईनं त्यांचा हात धरला. म्हणाली, "राहू द्या, देवाला नका काढू."

एवढंच बोलली. तुकाराम व्हॅन घेऊन मागून आलाच, पण तोवर तिचा हात गार पडला होता. हिंदुराव तिला मांडीवर घेऊन त्याच डबड्यात बसले आणि घरी परतले.

घाटातनं ओढून आणलेली गाडी अजून त्यांच्या दारात आहे. तिच्यावर कोंबड्या बसतात. हिंदुराव तिला पाठ करून बसतात.

मंडळी, खंडोबाचा काय दोष? त्यानं दिवा लावला होता, झाकला आपण! तुमच्याही घरात कुणीतरी हळूच म्हणतंय, दम लागतोय, दुखतंय, जरा बसा माझ्यापाशी. आणि तुम्ही इथं टाळ्या वाजवताय. आज आरतीला थांबू नका. घरी जा, आणि त्यांना विचारा.