हिरड्यांचा रंग

माझी बायको गेली त्याच दिवशी मला कळलं, की तिचं रक्त वर्षभर कमी होत चाललं होतं. त्याला आता तीन महिने झाले. परवा तिची मांजर घेऊन जनावरांच्या दवाखान्यात बसलो होतो. शेजारी एक गृहस्थ कुत्र्याला मांडीवर घेऊन बसले होते. सोबत त्यांची बहीण होती.

“दादा, याचं रक्त कमी झालंय हे तुला कळलं कसं?”

“हिरड्या पांढऱ्या दिसल्या. मी रोज दात घासतो ना याचे.”

“धन्य आहे तुझी. आणि वहिनीचं काय?”

“तिला काय झालंय?”

“एक जिना चढताना दोनदा बसते. खडू खाते.”

“शाळेत शिकवते, खडू हाताशी असतात. चाळा आहे तो.”

“चाळा! हा भिंत चाटायला लागला, तर धावत इथे आलास.”

“अगं, मुकं जनावर आहे. त्याला सांगता येतं का?”

“वहिनीला येतं. माझ्यासमोर तीनदा सांगितलंय तिनं.”

“बायकांचं काहीतरी चालूच असतं गं.”

“मग तिलाही पट्टा बांधून आण इथे. निदान कोणीतरी तोंड उघडून बघेल.”

“हळू बोल, लोक ऐकतायत.”

“ऐकू देत.”

“बरं बाई, सुट्टी लागली की नेतो तिला.”

“कधी लागणार सुट्टी?”

“पुढच्या महिन्यात.”

तेवढ्यात कंपाउंडरनं कुत्र्याचा नंबर पुकारला आणि ते दोघं त्याला घेऊन आत गेले. त्यांच्या बायकोचं रक्त तपासायचं अजून राहिलंय.