मयतावरच्या टाळ्या

नाही ग बाय, कोण वाजवतं मयतावर टाळ्या? आमच्या रत्नागिरीत नाही, तुमच्या पुण्यात नाही, या शारजात तर मुळीच नाही — काय, नूरुद्दीनने सांगितलं? इथली माणसं गहिवरली की टाळ्या पिटतात म्हणून? माझ्या पोटच्या पोराने? शी! आणि ती पिक्चर बनवणारी चिनी बाई आता तेच तिकडच्या पेपरात लिहिणार, म्हणून तुला, तिच्या दुभाषिणीला, माझ्याकडे खात्री करायला धाडलं — बरं केलं. बस, सुजाता. ऐक.

बारा वर्षं माझा लेक चिनी पिक्चर या मुलखात दाखवतोय. काम काय, तर हॉल घ्यायचा, माणसं जमवायची, फोटो चीनला कंपनीकडे पाठवायचे. मारामारीचा असला तर लोक येतात. तुझ्या बाईचा हा होता एका म्हातारीचा — गावात एकटी, लेक शहरात, तरी रोज दोन ताटं मांडते. कोण येणार बघायला? मग कामगारांच्या कॅम्पवरून बसगाड्या भरून माणसं आणली, आठवड्याची एक सुट्टी ती पण घेतली त्यांची. बिर्याणीचे डबे कोणी भरले? मीच भरले, खोटं कशाला बोलू! फोटो आधीच काढून घ्यायचे — दिवे गेले की ती थकलेली पोरं थंड हवेत झोपतात, झोपतीलच ना, आठवडाभर उन्हात लोखंड उचललेलं. आणि टाळ्यांचं? त्याचीही सोय. मी पहिल्या रांगेत. पिक्चर संपला की मी ओढणी तोंडाला लावायची, मुकादमाने ते बघून टाळी वाजवायची, मग सगळ्यांनी. नात माझी, इन्शा, म्हणते, "दादी, इट्स जस्ट मार्केटिंग." थू त्या मार्केटिंगवर!

आता मला काय ठाऊक ती म्हातारी मधेच मरणार? भाषा कळत नव्हती, पण चुलीपुढे बसली, दुसऱ्या ताटात भात वाढला, वाढता वाढता कलंडली — मला रडूच फुटलं ग, ओढणी कधी वर गेली कळलंच नाही. आणि धाड धाड धाड! अख्खा हॉल झोपेतनं उठून टाळ्या पिटतोय, आणि पडद्यावर मयत! तुझी बाई शेजारीच होती, तिचं तोंड मी बघितलंय. लेकाने तिच्या कानात काय सांगितलं ते आज तुझ्याकडनं कळलं — तेव्हा एवढंच दिसलं, ती उठली आणि त्या जांभया देणाऱ्या माणसांपुढे कमरेत वाकली. मला लाज वाटली, बाय. लेकाची नाही, माझीच.

सांग तिला सगळं. लिही, यल्ला, चल लवकर — काय म्हणालीस? तिच्या स्वतःच्या आईची गोष्ट ती?... या खुदा. मग तर सांगच.

थांब. सांगितलंस तर... नूरुद्दीनचं काम जाईल? जाईलच, मी पण काय विचारते. काम गेलं की व्हिसा खलास, घरादाराचा व्हिसा त्याच्याच नावावर, पोरीचं शाळेचं शेवटचं वर्ष...

खोड ते. खोड म्हणते ना! तिला म्हणावं, नूरुद्दीनच्या म्हातारीला काही ठाऊक नाही, म्हातारी झोपली होती. — अशी बघू नकोस माझ्याकडे. जा. लिफ्ट उजव्या हाताला आहे.