अभयच्या हातातली बाटली

मंडळी, तुम्ही सगळे आलात. वर्गात मी तासन्तास बोलते, आज अभयच्या शोकसभेत बोलायचं आहे. त्याची बायको वीणा समोर बसली आहे, तिच्याकडे बघवत नाही. तरी बोलते, कारण एक गोष्ट आजच सांगायला हवी.

अभय आमच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. मीही तेच शिकवते. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात आम्ही दोघांनी एक यंत्र जुळवलं. प्लास्टिकचा पातळ पापुद्रा, त्याला डोळ्यांना दिसणारही नाही असं एकच छिद्र. छिद्रातून वीज वाहत ठेवायची; पाण्यातला धातूचा आयन, म्हणजे विद्युतभार असलेला कण, त्यातून जाताना ती जराशी अडखळते. त्यावरून धातू ओळखायचा. मुलं चिडवायची, सरांचा संसार एका छिद्रात.

पालीजवळच्या एका वाडीत पोरांची पोटं सारखी दुखायची. वर सड्यावर, कातळाच्या माळावर, जुन्या बॅटऱ्या फोडतात. अभयला शिशाची शंका आली. तो पाणी मागायला गेला. आता आपल्याकडे पाहुण्याला पाणी कसं देतात? तिथल्या एका काकूंनी तांब्याची कळशी चिंचेनं लख्ख घासली आणि ती भरून दिली. यंत्रावर तांबंच तांबं. शिसं असलं तरी दिसेना. तो समजवायला गेला, तर काकू म्हणाल्या, "तांबं हाय? मग बरंच की वो सर."

मला म्हणाला, "सुनंदा, मीच विहिरीत उतरतो." मी म्हटलं, अरे, बाटली दोरीनं सोड ना. तर म्हणे, "वर रोज तांब्याच्या कळश्या बुडतात. मला झऱ्याचंच पाणी हवं." ऐकेल तर शपथ.

वर येताना शेवाळलेल्या पायरीवरून पाय सटकला. डोकं जांभ्या दगडावर आपटलं. वर काढला तेव्हा बाटली मुठीत होती, झाकण घट्ट लावलेलं. राग येतो हो मला त्याचा. फार राग येतो.

वाडीतली माणसं मागे बसली आहेत. तुम्ही विहीर उपसलीत, भटजींकडून शांती करून घेतलीत, उद्यापासून पुन्हा पाणी भरायचं ठरवलंत. अभयसाठी केलंत, मला कळतं. काकू, रडू नका, ऐका. काल मी ती बाटली यंत्राला लावली. पुन्हा लावली. शिसं आहे. ते उपसून जायचं नाही, झऱ्यातूनच येतंय. उद्या पाणी भरू नका. पोरांना पाजू नका. टँकर मी मागते, नाही मिळाला तर तहसीलदारांच्या दारात बसते.

उठा, उभे राहू या. थोडा वेळ कुणी काही बोलू नका.

अभय, तुझं बरोबर होतं रे. चुकला असतास तर किती बरं झालं असतं.