आपल्या प्रतीपुरती दुरुस्ती

दोन विद्यापीठं मिळून अभ्यासाचं एक सॉफ्टवेअर बांधत होती. कुणाची मालकी नाही, सगळ्यांना खुलं. काही भाग एकाने लिहिले, काही दुसऱ्याने, आणि दोघांकडे आपापली प्रत. एका विद्यापीठाची प्रोग्रामर बसच्या रांगेत उभी होती. मागे दुसऱ्या विद्यापीठाचे दोघे बोलत होते. ते तिला ओळखत नव्हते.

“त्यांच्या परीक्षेच्या भागात घोळ आहे. वेळ संपली की शेवटचं उत्तर पुसलं जातं.”

“कळवलंस?”

“वेडा आहेस? आपल्या प्रतीत गुपचूप दुरुस्त केलं.”

“अरे, सोमवारी त्यांच्या मुलांची परीक्षा आहे!”

“असू दे. आपण लिहिलेला हजेरीचा भाग आपल्याकडे हजर पोरांना गैरहजर दाखवतो. त्यांच्याकडे कसा सुरळीत चालतो? त्यांना चूक सापडली असणार, आणि बसलेत मूग गिळून.”

“काहीतरीच! कशाला उगाच संशय घेतोस?”

ती रांगेतून बाहेर पडली आणि कोपऱ्यावर जाऊन तिने साहेबांना फोन लावला.

“सर, आपल्या परीक्षेच्या भागात चूक आहे. आजच दुरुस्त करते. आणि ती हजेरीतली चूक... आता त्यांना सांगून टाकू या का?”

“का गं? त्यांना संशय आलाय?”

तिने रांगेकडे वळून पाहिलं.

“एकाला आलाय, सर. पण दुसरा भला माणूस आहे. तो त्याची समजूत काढतोय.”

“मग राहू दे की.”