लंडनच्या दोन भावांना हार घातल्याबाबत

मी, गजराबाई मल्लिनाथ सलगर, वय अंदाजे ६२ वर्षे (बाहत्तरच्या दुष्काळात शेळ्यांमागे पळत होते, त्यावरून धरले आहे), धंदा शेळ्या पाळणे, राहणार अणदूर, तालुका तुळजापूर, जिल्हा धाराशिव.

पोलीस ठाण्यात कोणी न बोलावता समक्ष हजर होऊन सांगते की, मला दोन मुले आहेत. थोरला व्यंकट व धाकटा भागवत. पती मल्लिनाथ हयात नाहीत. मुले काय कामधंदा करतात असे विचारल्यावरून सांगते की, आठवडी बाजारात कोणी कुठे बसायचे ते माझी मुले ठरवतात. हे काम त्यांना कोणी नेमून दिले ते मला माहीत नाही. लोक त्यांना भाजी, चपला, एकदा टेबलफॅन, असे आपण होऊन देतात. न दिल्यास काय होते ते विचारू नका, असे मी म्हणाले, तरी जबाब लिहून घेणाऱ्या हवालदार महेश्वरी मॅडम यांनी विचारले. न दिल्यास त्या माणसाला उन्हात बसावे लागते आणि कधीकधी त्याची पाटी पालथी होते.

मी घरून निघाले ती तात्यांविरुद्ध तक्रार द्यायला. तात्या म्हणजे तुळजापूरचे इंग्रजीचे रिटायर सर. त्यांनी भरल्या हॉलमध्ये माझ्या मुलांची अब्रू घालवली असे माझे म्हणणे होते. त्यानंतर गावात पोलीस येऊन चौकशी करून गेले. मुलांवर केस होईल या धास्तीने मला अन्न गोड लागेना. आपली तक्रार आधी पडली तर केस होणार नाही, एवढ्यासाठी आले.

हकिगत अशी की, आमच्या गणेश मंडळाने गणपतीत रविवारी दुपारी समाजमंदिरात पिक्चर ठेवला होता. पिक्चर विलायती होता. लंडनमध्ये दोन सख्खे भाऊ खरोखर होऊन गेले, त्यांच्यावर काढलेला. खऱ्या माणसांवरचा म्हणजे चरित्रच, असे मंडळाचा सेक्रेटरी राजशेखर याने धरले आणि पत्रिकेत 'प्रबोधनपर' असे छापले. पिक्चर आधी कोणी पाहिला नव्हता.

आमच्याकडे प्रतिमापूजनाशिवाय कार्यक्रम सुरू होत नाही, मग रक्तदान असो की कुस्त्या. म्हणून राजशेखरने त्या दोन भावांचा फोटो मोठा करून फ्रेममध्ये घालून आणला. पूजन माझ्या हस्ते ठेवले, कारण मंडळाचा मांडव दरवर्षी माझी मुले घालून देतात. मांडववाल्याला ते काय देतात, हे मला माहीत नाही. राजशेखर माईकवर म्हणाला, "इंग्लंडच्या या थोर बंधूंच्या प्रतिमेचं पूजन आपल्या गावच्या माऊली करत्याल." मी दोघांना कुंकू लावले, हार घातला, नारळ वाढवला, हात जोडले. दोघे कोट घालून होते, चेहरे बरे होते.

तात्यांची एसटी उशिरा आली. पिक्चर इंग्रजीत असल्याने माईकवर मराठीत सांगण्यासाठी त्यांना बोलावले होते. आत येताच फोटो पाहून त्यांचा चेहरा उतरला. ते राजशेखरला म्हणाले, "अहो, हे गुंड होते. खून केलेत यांनी." राजशेखर म्हणाला, "सर, आता हार घातलाय. पिक्चर संपूस्तर काढता येत न्हाय, गणपतीचं दिस हायत." म्हणून फोटो तसाच पडद्याशेजारी राहिला. समोर उदबत्ती जळत होती.

खिडक्यांना ताडपत्री लावून अंधार केला. माझी मुले तिसऱ्या रांगेत, मी बायकांत. तात्या चांगले सांगत होते. नावे कोणाच्या ध्यानात राहीनात म्हणून ते 'थोरला' आणि 'धाकटा' एवढेच म्हणत. पडद्यावरचा माणूस बराच वेळ तोंड सोडून बोलला की तात्या म्हणत, "थोरला नाराज आहे." एक बाई आणि बाप्या फार जवळ आले तेव्हा ते म्हणाले, "यांचं पुढच्या महिन्यात लग्न आहे." तरी त्यानंतर ते दोघे पिक्चरमध्ये पुन्हा दिसले नाहीत, यावर बायकांत कुजबुज झाली.

त्या भावांची आई मला पटली. तिच्या घरी गुंड जमत, ती त्यांना कपबशीत चहा देई आणि शेजारणींना सांगे की माझी पोरं गुणाची आहेत. माझ्या शेजारी बसलेली चंद्रप्रभाबाई म्हणाली, "आईनंच लाडावून ठिवलं बघा." मी तिला विचारले की तू कोणाला बोलतेस. ती म्हणाली, "लंडनच्या बाईला." मी तिला शेंगा द्यायच्या बंद केल्या. बाकी पिक्चरमध्ये सुरुवातीपासून शेवटपर्यंत कोणी पोटभर जेवले नाही, नुसते पीत होते, याचे सर्व बायकांना वाईट वाटले.

पुढे ते भाऊ दुकानादुकानांत जाऊन माल उचलू लागले. लोक का देतात, असे मागून कोणी विचारले. तात्या समजावून सांगण्याच्या नादात म्हणाले, "आता हे कसं, तर आपल्याकडं बाजाराच्या दिवशी..." आणि थांबले. नाव त्यांनी कोणाचेच घेतले नाही, हे खरे आहे. परंतु सगळा हॉल वळून तिसऱ्या रांगेकडे पाहू लागला. भागवतने मान खाली घातली. व्यंकटने उठून सगळ्यांना नमस्कार केला. पोरांनी शिट्ट्या वाजवल्या. ही ती अब्रू.

त्यानंतर थोरल्याने भरल्या गुत्त्यात एकाला गोळी घातली. पोलीस आले तर गुत्त्यातला प्रत्येक जण म्हणाला की, त्या वेळी मी टेबलाखाली पडलेली टोपी शोधत होतो. याच्यावर आमचे लोक पोट धरून हसले. रामहरी टेलर मोठ्याने म्हणाला, "एवढ्या टोप्या एकदम पडल्या व्हय?" मीही हसले.

शेवटी दोघे भाऊ जेलमध्ये गेले आणि मागे आई मेली. तिच्या मातीसाठी दोघांना थोड्या वेळापुरते आणले. दोघांचा एकेक हात शिपायाच्या हाताला बेडीने बांधलेला. आईला खांदा भाड्याच्या माणसांनी दिला. पोरे बाजूला उभी होती. धाकट्याला डोळे पुसायचे होते, त्याने हात उचलला तर शिपायाचाही हात वर आला. हॉलमध्ये कोणी हसले नाही. मागून एक जण म्हणाला, "सांगा की तात्या, काय चाललंय." तात्या म्हणाले, "यात सांगण्यासारखं काय आहे? दिसतंयच की."

त्यावर व्यंकट ताडकन उठला. "बंद करा ते," असे म्हणत पुढे गेला आणि तात्यांच्या हातातला माईक ओढला. तात्यांनी लगेच सोडला नाही. व्यंकटने त्यांना ढकलले. तात्या खुर्चीवर पडले, चष्मा खाली पडला आणि व्यंकटचा पाय त्यावर पडला. पहिल्यांदा चुकून पडला. दुसऱ्यांदा चुकून पडला नाही.

दुसऱ्या दिवशी पोलीस चौकशीला आले. रामहरी म्हणाला, मी पाणी प्यायला गेलो होतो. चंद्रप्रभाबाई म्हणाली, मी डोळ्यातला कचरा काढत होते. राजशेखर म्हणाला, लाईट गेली होती. लाईट गेली होती तर पिक्चर कशावर चालला, असे साहेबांनी विचारले, तेव्हा तो म्हणाला, ते मलाही कोडंच आहे. खुद्द तात्यांनी साहेबांना फोनवर सांगितले की, चष्मा जुना होता, आपोआप फुटला. माझा माझ्या गावावर राग नाही. पण टोपीवर हसणारी माणसे हीच का, असे मनात आले. आता केस होणार नाही, असे इथे आल्यावर मॅडमनी सांगितले, तेव्हा मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही.

काल बाजार होता. मुले नेहमीप्रमाणे गेली आणि पिशवी भरून वांगी घेऊन आली. व्यंकट म्हणाला, "आई, कुणाची टाप न्हाय आता. कुणी काय बघितलंच न्हाय." तो खुशीत होता. मी वांगी शेळ्यांपुढे टाकली. रात्रभर मला ते भाड्याचे खांदेकरी दिसत होते. माझी माती माझ्या पोरांनी करावी, मडके व्यंकटने धरावे, खांदा दोघांनी द्यावा, आणि त्या दिवशी त्यांच्या हाताला दुसऱ्या कोणाचा हात बांधलेला नसावा, एवढे मला पाहिजे. आज चष्मा आहे. चष्म्याला शिक्षा थोडी असते, असे मॅडम म्हणाल्या. पुढे चष्म्यावर थांबेल असे मला वाटत नाही.

तरी माझी तात्यांविरुद्धची तक्रार मी सोडून देते. मी पाणी प्यायला गेले नव्हते, माझ्या डोळ्यात काही गेले नव्हते आणि लाईट होती. चष्मा माझा मुलगा आरोपी व्यंकट याने फोडला आणि बाजारात पाट्या दोघे मिळून पालथ्या करतात. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. साक्षीला बोलावले तर येईन. कोठडीत जेवायच्या वेळेला व्यंकटला भाकरी द्यावी, भात त्याला चालत नाही, हे लिहायचे नसते असे मॅडम म्हणाल्या, पण मी लिहायला लावले.

वरील मजकूर महेश्वरी मॅडम यांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. मी सांगितला तसाच तो उतरला आहे. फक्त एका जागी 'आरोपी व्यंकट' असे होते, तिथे 'माझा मुलगा' हे आधी लिहून घेतले, आणि मग अंगठा दिला.