ताटातलं नाव

लग्नात माझं नाव बदलता बदलता कसं राहिलं, ते ऐका. मी नर्स, आयर्लंडचा व्हिसा हातात. रजिस्टर लग्न आधीच उरकलं होतं, त्यामुळे नवऱ्याचा व्हिसाही माझ्या कागदांवर निघालेला. मग बोर्लीत मांडव घालून लग्न लागलं. ताटात तांदूळ पसरले आणि नवरा अंगठीने माझं नवं नाव, रेवती, लिहायला बसला.

मी म्हटलं, "ताटात खुशाल लिहा. कागदोपत्री मी कल्पनाच राहणार."

सासूबाई म्हणाल्या, "असं कसं? आमच्यात सुनेचं नाव बदलतातच. उद्याच माणगावला जाऊन कागद करून टाकू."

"करा की! पण व्हिसा कल्पनाच्या नवऱ्याला मिळालाय. मी रेवती झाले, तर सगळे कागद नव्याने होईपर्यंत तुमचा लेक इथेच."

नवऱ्याचं 'रेव' लिहून झालं होतं. सासूबाईंनी ताट ओढलं, तळहाताने तांदूळ सपाट केले आणि त्याच्यावरच ओरडल्या, "बघत काय बसलायस? कल्पना लिही!"

परवा धाकट्या दिराचं लग्न ठरलं. मुलीच्या आईने विचारलं, "नवं नाव काय ठेवणार?"

सासूबाई ठसक्यात म्हणाल्या, "छे हो! आमच्यात नाय बदलत सुनांची नावं."