आधी वेल्डिंग खातं

(जर्मनीतलं एक कारखान्याचं गाव. कामगारांची सभा संपवून हाइड्रुन आणि डेटलेफ हे नवरा-बायको घरी आले आहेत.)

डेटलेफ : ...आणि हे मला चारशे माणसांत बसून कळलं. बंद होणार माझं खातं, आणि सांगणारी माझीच बायको.

हाइड्रुन : संचालक मंडळात मी कामगारांची प्रतिनिधी म्हणून बसते. तिथलं बाहेर बोलायचं नाही, असा कायदा आहे. नवऱ्यापुरता तो सैल होत नाही.

डेटलेफ : जानेवारीत मी फोरमन झालो, तेव्हा तू केक आणलास.

हाइड्रुन : आणला. माझा तुकडा तसाच ठेवला.

डेटलेफ : मला वाटलं, बेदाणे आवडले नाहीत. पण बंद करायचं तर वेल्डिंगच का?

हाइड्रुन : तुम्ही जोडता ते गाड्यांचे धुराचे पाइप अजून किती वर्षं खपतील? घरं गरम करायचे हीट पंप, हे नवं काम मालक पोलंडला नेत होते. आम्ही म्हटलं, इथेच करा. ते म्हणाले, जागा दाखवा. रंगखात्याचं नाव निघालं. तिथलं छप्पर उंच करायला वर्ष गेलं असतं. मालकांना तेवढंच निमित्त हवं होतं.

डेटलेफ : म्हणून आमच्याकडे बोट केलंस.

हाइड्रुन : मीच केलं. तुमचं छप्पर आधीच उंच आहे. बदल्यात कबूल करून घेतलं, कुणाला काढायचं नाही. नवं काम शिकेपर्यंत पूर्ण पगार.

डेटलेफ : चोपन्नाव्या वर्षी मी शाळेत बसू?

हाइड्रुन : बस की. गणित कच्चंच राहिलंय तुझं.

डेटलेफ : टोमणे नकोत. सभा सुटल्यावर हेनिंगने गाठलं मला. आमच्या खात्यात तोच सगळ्यात तिखट जिभेचा. हाइड्रुन मालकांच्या बिस्किटांना भुलली, असं वर्षभर सांगत फिरतोय. म्हणाला, तुला आधीच ठाऊक असणार.

हाइड्रुन : मग?

डेटलेफ : माझं तोंड बघूनच समजला तो, मलाही सभेतच कळलं. म्हणाला, ‘जी घरात फुटली नाही, ती मालकांपुढेही फुटायची नाही. आपलीच आहे ती.’ सगळं खातं ऐकत होतं. कुणी नाही म्हटलं नाही.

हाइड्रुन : आणि तू?

डेटलेफ : मी चिडलोय. अजून काही दिवस चिडेन. पण एवढं पोटात ठेवून तू रोज माझ्यासमोर जेवत होतीस. मला नसतं जमलं.

हाइड्रुन : शिकवणीचं काय ठरलं, ते उद्या सकाळी तुमच्या खात्यात येऊन सांगणार आहे. आता लपवायचं कारण नाही. तुला आत्ताच सांगते, बस.

डेटलेफ : नको. उद्या सगळ्यांबरोबर ऐकेन.